विश्लेषण : अंतराळवीरांसह पहिले चाचणी उड्डाण वारंवार का लांबते?

जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने २०१६ मध्ये मंगळावर उतरणाऱ्या एका यानाचे शेवटचे संकेत टिपले. ते यान कोसळले, पण त्यात कोणी नव्हते. बोइंग कंपनीच्या ‘स्टारलायनर’ यानातून मात्र २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर ही दोन माणसे निघाली होती. माणसांसह या यानाचे पहिले उड्डाण २०१७ मध्ये होणे अपेक्षित होते. ते झाले ५ जून २०२४ रोजी. मधल्या सात वर्षांत काय घडले, तारखा का पुढे गेल्या आणि गगनयानाची वाट पाहणाऱ्या आपल्यासाठी त्यात काय आहे, याचा हा आढावा.

खोडदच्या दुर्बिणीने काय टिपले होते?

पुणे–नाशिक रस्त्यावर नारायणगावहून आत वळले की शेतांच्या पलीकडे ‘जीएमआरटी’च्या पांढऱ्या तबकड्या दिसू लागतात. जुन्नर, आंबेगावच्या लोकांना त्या रोजच्याच. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० अँटेना या परिसरात सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ही दुर्बीण चालवते. तिचे मुख्य काम दूरच्या आकाशगंगा आणि स्पंदक ताऱ्यांचा अभ्यास करणे हे आहे.

१९ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री मात्र तिच्याकडे वेगळे काम होते. युरोप आणि रशियाच्या मोहिमेतील ‘स्कियापरेली’ हे यान मंगळावर उतरत होते. त्याचा क्षीण संकेत सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर पार करून खोडदला येत होता. संकेत पोहोचायला जवळपास दहा मिनिटे लागत होती. यान वातावरणात शिरले, पॅराशूट उघडले आणि उतरण्याच्या अपेक्षित वेळेच्या थोडे आधी संकेत थांबला.

चौकशीत कारण समोर आले. पॅराशूट उघडल्यावर यान जोरात डोलले आणि फिरण्याचा वेग मोजणारे उपकरण सुमारे एक सेकंद आपल्या मर्यादेच्या टोकाला अडकले. त्यावरून संगणकाने हिशेब केला की आपण जमिनीच्याही खाली पोहोचलो आहोत. प्रत्यक्षात यान काही किलोमीटर उंच होते. संगणकाने पॅराशूट सोडून दिले, इंजिने जेमतेम तीन सेकंद चालवून बंद केली आणि यान खाली आदळले.

स्कियापरेली हे उतरण्याचे तंत्र तपासण्यासाठीच पाठवलेले यान होते. त्यामुळे यान गेले तरी माहिती हाती आली आणि पुढच्या मोहिमेसाठी धडा मिळाला. चाचणी यानात माणसे बसलेली असतील, तर असा धडा घेण्याची मुभा नसते. स्टारलायनरच्या लांबलेल्या तारखांचे मूळ या फरकात आहे.

स्टारलायनर हे यान कशासाठी?

अमेरिकेची स्पेस शटल याने जुलै २०११ मध्ये निवृत्त झाली. त्यानंतर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर माणसे पाठवण्यासाठी अमेरिका रशियाच्या ‘सोयुझ’ यानावर अवलंबून राहिली. हे अवलंबित्व संपवण्यासाठी ‘नासा’ने नवा मार्ग निवडला. यान कंपनीने बनवायचे, तेच कंपनीने चालवायचे आणि नासाने प्रवासाची सेवा विकत घ्यायची.

सप्टेंबर २०१४ मध्ये दोन कंपन्यांना ही कंत्राटे मिळाली. बोइंगला ४.२ अब्ज डॉलर आणि ‘स्पेसएक्स’ला २.६ अब्ज डॉलर. एक यान अडले तर दुसरे हाताशी असावे, हा दोघांना काम देण्यामागचा विचार होता. पुढे हाच विचार कामी आला, पण जुन्या आणि अनुभवी बोइंगला नवख्या स्पेसएक्सचा आधार घ्यावा लागेल, असे त्या वेळी फार कोणाला वाटले नसेल.

स्पेसएक्सचाही रस्ता सरळ नव्हता. एप्रिल २०१९ मध्ये तिच्या ‘ड्रॅगन’ यानाचा जमिनीवरील चाचणीत स्फोट झाला. त्यातून सावरून ३० मे २०२० रोजी ड्रॅगनने पहिल्यांदा दोन अंतराळवीरांना नेले. स्टारलायनरला त्यानंतर आणखी चार वर्षे लागली.

११ तास चुकलेले घड्याळ

स्टारलायनरचे माणसांविना पहिले उड्डाण २० डिसेंबर २०१९ रोजी झाले. अ‍ॅटलास-५ रॉकेटने आपले काम चोख केले. यान वेगळे झाले आणि गोंधळ सुरू झाला. यानाने रॉकेटकडून वेळ चुकीच्या क्षणी घेतली होती, त्यामुळे त्याचे घड्याळ ११ तासांनी चुकले. आपण मोहिमेच्या वेगळ्याच टप्प्यावर आहोत असे समजून यानाने छोटी इंजिने, म्हणजे थ्रस्टर, नको तेव्हा चालवले. इंधन इतके खर्च झाले की स्थानक गाठणे अशक्य झाले.

यान अंतराळात असतानाच संगणक प्रणालीतील आणखी एक चूक सापडली. परतताना यानाचे दोन भाग वेगळे होतात, त्या वेळी थ्रस्टर चुकीच्या क्रमाने चालून मागचा भाग माणसांच्या कुपीवर आदळण्याचा धोका होता. अभियंत्यांनी सुधारित प्रणाली वर पाठवली आणि दोन दिवसांनी यान न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात सुखरूप उतरले.

मंगळावर स्कियापरेलीच्या संगणकाला उंची चुकीची कळली होती, येथे वेळ चुकीची कळली. दोन्ही ठिकाणी यंत्राने दिलेल्या सूचना बिनचूक पाळल्या, पण ज्या माहितीवर त्या चालत होत्या तीच खोटी होती. जमिनीवर प्रत्येक भाग वेगवेगळा तपासला तर अशी चूक निसटते. रॉकेट आणि यान यांची सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकत्र चाचणी घ्यावी लागते. चौकशीनंतर बोइंगला ८० सुधारणा सांगण्यात आल्या. कंपनीने माणसांविना दुसरे उड्डाण स्वतःच्या खर्चाने करायचे ठरवले आणि त्यासाठी ४१ कोटी डॉलर बाजूला ठेवले.

झडपा, पॅराशूट आणि चिकटपट्टी

दुसऱ्या उड्डाणासाठी यान ऑगस्ट २०२१ मध्ये सज्ज झाले. उड्डाणाच्या काही तास आधी लक्षात आले की इंधन प्रणालीतील १३ झडपा उघडत नाहीत. इंधन जाळण्यासाठी लागणारा ऑक्सिडायझर झडपांतून किंचित झिरपला होता. हवेतील ओलाव्याशी त्याचा संयोग होऊन आम्ल तयार झाले आणि धातूवर गंज चढला. क्षार साचून नळ अडकावा तसा हा प्रकार. फ्लोरिडातील दमट हवेत यान किती दिवस उभे राहते, हा वरवर किरकोळ वाटणारा मुद्दा मोहीम थांबवायला पुरेसा ठरला. यान कारखान्यात परत गेले.

ते अखेर १९ मे २०२२ रोजी उडाले, स्थानकाला जोडले गेले आणि २५ मे रोजी परतले. उड्डाण यशस्वी ठरले. वाटेत काही थ्रस्टर बंद पडले होते, पण पर्यायी थ्रस्टरनी काम निभावले. ही नोंद लक्षात ठेवायला हवी. दोन वर्षांनी तीच पुन्हा समोर येणार होती.

माणसांसह उड्डाण जुलै २०२३ मध्ये ठरले होते. त्याआधी, जूनच्या सुरुवातीला, दोन नव्या अडचणी जाहीर झाल्या. पॅराशूटच्या दोऱ्या जोडणारे कापडी दुवे अपेक्षेपेक्षा कमी ताकदीचे निघाले. तीनपैकी एक पॅराशूट उघडले नाही, तर उरलेल्या दोनांवर येणारा भार ते खात्रीने पेलतील असे म्हणता येत नव्हते. दुसरी अडचण यानातील विजेच्या तारांवर गुंडाळलेल्या चिकटपट्टीची होती. ती विशिष्ट परिस्थितीत पेट घेऊ शकते, असे दिसून आले. पट्टी शक्य तिथे काढणे, जिथे काढता येत नाही तिथे वरून संरक्षक आवरण देणे आणि पॅराशूट सुधारून त्याची विमानातून टाकून चाचणी घेणे, या कामांत वर्ष सरले.

उड्डाणापूर्वीची तयारी कशी असते?

विल्मोर आणि विल्यम्स हे दोघेही अमेरिकी नौदलाचे चाचणी वैमानिक. दोघांनी यापूर्वी शटल किंवा सोयुझमधून अंतराळप्रवास केला होता. नव्या यानाचे पहिले उड्डाण अशांच्या हाती देण्यामागे कारण आहे. चाचणी वैमानिकाचे काम यान नीट चालवून दाखवणे एवढेच नसते. ते कुठे अडते, कुठे बिघडू शकते, हे शोधून सांगणे त्यापेक्षा महत्त्वाचे असते.

नकली यानात बसून दोघांनी अनेक प्रसंगांचा सराव केला : स्वयंचलित यंत्रणा बंद पडली तर यान हाताने कसे वळवायचे, पॅडवर आग लागली तर किती वेळात बाहेर पडायचे, संपर्क तुटला तर काय करायचे. स्थानकावर आजार जाऊ नये म्हणून उड्डाणापूर्वी त्यांना विलगीकरणात ठेवले गेले.

तारीख पुढे गेली की त्याचे परिणाम या सगळ्यावर होतात. स्थानकावरील धक्के दुसऱ्या यानांसाठी राखीव असतात, रॉकेटच्या काही भागांची मुदत संपते, स्थानकाच्या गरजाही बदलतात. यान थांबलेले असतानाच स्थानकावरील, मूत्रापासून पुन्हा पाणी बनवणाऱ्या यंत्रणेचा पंप बिघडला. सुमारे ७० किलोचा नवा पंप नेण्यासाठी दोघांच्या कपड्यांच्या बॅगा उतरवण्यात आल्या. आठ दिवसांचाच तर मुक्काम, स्थानकावरचे राखीव कपडे वापरता येतील, असा हिशेब होता.

मे–जून २०२४ : तीन प्रयत्न

पहिला प्रयत्न ६ मे रोजी झाला. दोघे यानात जाऊन बसले होते. उड्डाणाला साधारण दोन तास असताना रॉकेटच्या वरच्या टप्प्यातील दाब राखणारी एक झडप सेकंदाला सुमारे ४० वेळा थरथरत असल्याचे दिसले. रॉकेटवर एखादा उपग्रह असता तर ती झडप बंद करून पुन्हा उघडली असती आणि थरथर थांबताच उड्डाण झाले असते. पण माणसे आत असताना इंधन भरलेल्या रॉकेटशी असे काही करायचे नाही, असा नियम होता. मोहीम थांबली आणि झडप बदलण्यात आली.

हा वेळ मिळाल्याने दुसरी गोष्ट नजरेस आली. यानाच्या मागच्या भागात एका थ्रस्टरच्या जोडाशी हेलियम वायू गळत होता. हेलियम जळत नाही, पण त्याच्या दाबानेच इंधन थ्रस्टरपर्यंत ढकलले जाते. शर्टाच्या बटणाएवढ्या एका रबरी चकतीवर संशय होता. ती बदलायची तर यान रॉकेटवरून उतरवून बरेच उघडावे लागणार होते. गळती लहान आहे आणि हेलियम पुरेसा आहे, असा निष्कर्ष काढून तशीच उड्डाणाची परवानगी देण्यात आली.

दुसरा प्रयत्न १ जूनचा. उड्डाणाला ३ मिनिटे ५० सेकंद उरली असताना जमिनीवरील संगणकाने स्वतःच मोजणी थांबवली. तीन समांतर संगणक संचांपैकी एकाचा वीजपुरवठा बिघडला होता. दोन संच ठीक होते, पण माणसांच्या उड्डाणासाठी तिन्ही चालू असणे बंधनकारक होते.

तिसऱ्या प्रयत्नात, ५ जून रोजी भारतीय वेळेनुसार रात्री ८.२२ वाजता स्टारलायनर झेपावले.

इतक्या तपासण्यांनंतरही बिघाड का झाला?

प्रवासात हेलियमच्या आणखी गळत्या सापडल्या. ६ जून रोजी यान स्थानकाजवळ जात असताना दिशा सांभाळणाऱ्या २८ थ्रस्टरपैकी पाच बंद पडले. चार पुन्हा सुरू करता आले आणि यान स्थानकाला जोडले गेले. स्थानकाच्या दारात यान दिशाहीन होणे हा अंतराळातील सर्वांत धोकादायक प्रसंगांपैकी एक असतो.

मग प्रश्न उभा राहिला की परत येताना हे थ्रस्टर साथ देतील का? अडचण अशी की ते यानाच्या मागच्या भागात असतात आणि तो भाग पृथ्वीच्या वातावरणात शिरण्याआधी सोडून दिला जातो. तो जळून जातो, म्हणजे नंतर उघडून तपासायला काही उरत नाही. बिघडलेला पुरावा हाताशी होता तोवरच तपास शक्य होता. मुक्काम लांबण्यामागे हे मोठे कारण होते.

न्यू मेक्सिकोत तशाच थ्रस्टरवर जमिनीवर चाचण्या झाल्या. वारंवार चालल्याने उष्णता वाढून झडपेतील टेफ्लॉनचा एक छोटा भाग फुगतो आणि इंधनाची वाट अडवतो, असे संकेत मिळाले. पण अंतराळात जोडलेल्या यानात नेमके तेच घडले आणि परतताना ते किती वाढेल, याबद्दल एकमत झाले नाही. बोइंगला यान सुरक्षित वाटत होते. नासाच्या अभियंत्यांना खात्री नव्हती.

२४ ऑगस्ट २०२४ रोजी नासाने निर्णय जाहीर केला : स्टारलायनर रिकामे परतेल. ते भारतीय वेळेनुसार ७ सप्टेंबरच्या सकाळी वाळवंटात व्यवस्थित उतरले. विल्मोर आणि विल्यम्स स्पेसएक्सच्या ड्रॅगनमधून १९ मार्च २०२५ च्या पहाटे परतले. आठ दिवसांचा मुक्काम २८६ दिवसांचा झाला.

यान नीट उतरले, म्हणजे निर्णय चुकला का?

तेव्हा समाजमाध्यमांवर हा प्रश्न खूप विचारला गेला. त्याचे उत्तर निकालावरून देता येत नाही. निर्णय घेताना जे माहीत होते त्यावरच तो तोलावा लागतो. त्या क्षणी धोका नेमका किती, हे कोणी सांगू शकत नव्हते आणि दुसरा, अधिक खात्रीचा मार्ग उपलब्ध होता.

या निर्णयामागे नासाच्या दोन जखमाही आहेत. जानेवारी १९८६ मध्ये ‘चॅलेंजर’ शटलचा स्फोट झाला. थंडीत रबरी कड्या नीट काम करणार नाहीत, असे अभियंत्यांनी आदल्या रात्री सांगितले होते. उड्डाण त्यापूर्वीच अनेकदा पुढे गेले होते आणि त्यांचे म्हणणे मान्य झाले नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये ‘कोलंबिया’ परतताना तुटली आणि कल्पना चावलांसह सात जण गेले. फोमचे तुकडे यानावर आदळण्याचे प्रकार आधीही झाले होते. याने तरीही सुखरूप परतत होती, म्हणून ती सवयीची बाब होऊन बसली.

२०२२ च्या उड्डाणात बंद पडलेले थ्रस्टर या संदर्भात पाहायला हवेत. तेव्हाही यान पोहोचले आणि परतले. पॅराशूट, चिकटपट्टी, झडपा यांच्यासाठी उड्डाण महिनोन्‌महिने थांबले. थ्रस्टर मात्र पुढच्या वेळी, दोन माणसे आत असताना, पुन्हा बंद पडले. म्हणजे स्टारलायनरला झालेला उशीर ही कथेची एक बाजू. दुसरी बाजू अशी की ज्या प्रश्नासाठी पुरेसे थांबले गेले नाही, तोच शेवटी महागात पडला.

उशिराचा खर्च कोण सोसते?

हे कंत्राट ठराविक रकमेचे आहे. काम लांबले तर वाढीव खर्च कंपनीचा. बोइंगचा या यानावरील तोटा दोन अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे. सरकारी तिजोरीसाठी ही पद्धत चांगली, पण तिच्यात एक ताण आहे. प्रत्येक नव्या चाचणीचा खर्च कंपनीच्या खिशातून जातो, त्यामुळे ‘आणखी एक चाचणी घेऊ’ असे म्हणणे जड जाते. म्हणूनच अंतिम होकार किंवा नकार नासाने स्वतःकडे ठेवला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नासाने करार बदलला. स्टारलायनरचे पुढचे उड्डाण माणसांविना, फक्त सामान घेऊन करायचे ठरले आणि निश्चित उड्डाणांची संख्या सहावरून चारवर आली.

गगनयानासाठी यात काय आहे?

भारतीयांना अंतराळात नेण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०१८ रोजी झाली, तेव्हा २०२२ पर्यंतचे लक्ष्य होते. ते मागे पडले. पण मधल्या काळात काय झाले, हे पाहणे अधिक उपयोगाचे. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी संकटकाळी कुपी रॉकेटपासून दूर नेणाऱ्या यंत्रणेची चाचणी होती. उड्डाणाला पाच सेकंद असताना संगणकाने ते रोखले. ‘इस्रो’ने दोष शोधला, दुरुस्त केला आणि त्याच सकाळी दहा वाजता चाचणी पूर्ण केली. ऑगस्ट २०२५ मध्ये पॅराशूटची हवेतून टाकून एकत्रित चाचणी झाली. माणसांपूर्वी ‘व्योममित्र’ ही यंत्रमानव पाठवायची योजना आहे.

शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ रोजी ड्रॅगनमधून निघाले, त्याआधी त्यांचेही उड्डाण अनेकदा पुढे गेले होते. रॉकेटमध्ये द्रवरूप ऑक्सिजनची गळती आढळली, तेव्हा ती दुरुस्त करून पुन्हा चाचणी घ्यावी, असा आग्रह तिथे उपस्थित असलेल्या इस्रोच्या पथकाने धरला. आपला माणूस बसणार असेल तर तारखेपेक्षा तपासणी मोठी, हे त्यातून दिसले.

गगनयानाची तारीख पुढे गेल्याच्या बातम्या यापुढेही येऊ शकतात. तेव्हा ‘किती महिने’ यापेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात. उशीर कोणत्या दोषामुळे झाला हे इस्रोने स्पष्ट सांगितले आहे का? आणि तो दोष दुरुस्त करून पुन्हा चाचणी झाली का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर तो उशीर वाया गेलेला नाही. एखाद्या चाचणीत काही बंद पडले, तरी ‘मोहीम यशस्वी’ एवढेच सांगितले गेले, तर मात्र पुढच्या उड्डाणापूर्वी त्याबद्दल विचारायला हवे.

स्कियापरेलीच्या वेळी खोडदच्या दुर्बिणीवरील संकेत थांबला, तेव्हा शास्त्रज्ञांना चौकशीसाठी कितीही वेळ घेता येत होता. गगनयान निघेल तेव्हा आत आपली माणसे असतील. त्यांच्या बाबतीत चौकशी उड्डाणाच्या आधीच पूर्ण झालेली असायला हवी.